गोष्टीतली फुलं, ईस्टरची भेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईस्टरला फुलं देण्याची रीत जुनी आहे, आणि मुलांच्या जुन्या गोष्टींमध्ये बागा, ससे आणि फुलं यांची रेलचेल आहे. दोन्हींची सांगड घालून भेट कशी तयार करायची, हे बरेच जण विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे देत आहे.

गोष्टीवरून सुचलेली भेट म्हणजे काय? फुलांच्या टोपलीत कापडी ससा ठेवला की झालं?

नाही, तेवढ्याने होत नाही. कापडी ससा कुठल्याही टोपलीत बसतो, त्यामुळे तो कुठल्याच गोष्टीचा राहत नाही. भेट गोष्टीतल्या एका ठरावीक प्रसंगातून यायला हवी. आधी प्रसंग निवडा, मग त्या प्रसंगात असलेली फुलं, पानं, वस्तू बघा. मुलाने टोपलीत डोकावून ‘अरे, हा तर तो झारीत लपतो तो!’ असं म्हणायला हवं. ओळख पटण्याचा तो आनंद महागड्या सजावटीतून मिळत नाही. म्हणूनच पुस्तक पुन्हा एकदा नीट वाचणं हे या कामातलं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे. चित्रपट पाहून केलेल्या भेटी बहुतेक वेळा एकमेकींसारख्याच दिसतात.

ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतो? भेट नेमकी कधी द्यावी?

वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर. चर्चच्या गणितात वसंतसंपात 21 मार्चला धरतात, त्यामुळे पाश्चात्त्य चर्चचा ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. 2026 मध्ये तो 5 एप्रिलला आहे, 2027 मध्ये 28 मार्चला आणि 2028 मध्ये 16 एप्रिलला. ऑर्थोडॉक्स चर्च हे गणित जुन्या ज्युलियन पंचांगावरून करतात, म्हणून त्यांचा ईस्टर बहुधा नंतर येतो. 2026 मध्ये तो 12 एप्रिलला आहे. ज्यांना भेट द्यायची ते कोणता ईस्टर पाळतात, हे आधी विचारून घ्या.

आणि फुलं ईस्टरच्या रविवारी किंवा नंतरच्या आठवड्यात द्या, आधी नको. ईस्टरपूर्वीचा लेंटचा काळ संयमाचा असतो. अनेक चर्चमध्ये त्या काळात वेदीवर फुलं ठेवत नाहीत आणि ईस्टरला ती पुन्हा येतात. गुड फ्रायडेला रंगीबेरंगी टोपली पोचली तर धार्मिक घरात ती खटकू शकते.

ईस्टरशी सशाचा संबंध पुस्तकांमुळे जोडला गेला का?

नाही, तो त्याहून जुना आहे. जर्मन भाषक प्रदेशात ईस्टरची अंडी आणणाऱ्या सशाची कल्पना होती आणि 1682 मधल्या एका लॅटिन ग्रंथात तिचा उल्लेख आहे. बिअट्रिक्स पॉटर यांच्या पीटर रॅबिट या खोडकर सशाच्या गोष्टीत तर ईस्टरचं नावही नाही. पण ससा, वाफे आणि कोवळा हिरवा रंग यांमुळे ते पुस्तक या सणाला इतकं शोभतं की लोकांनी ते आपसूक जोडून घेतलं.

पीटर रॅबिटची टोपली करायची आहे. त्यात काय काय घालावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याच गोष्टीत हाती लागण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. बिअट्रिक्स पॉटर यांनी ही गोष्ट 1893 मध्ये एका आजारी मुलाला पत्रातून लिहून पाठवली. 1901 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी स्वखर्चाने तिच्या 250 प्रती छापल्या आणि 1902 मध्ये ती प्रकाशकाकडून आली. पॉटर वनस्पतींची आणि अळंब्यांची चित्रं बारकाईने काढत, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत पानाफुलांना ‘कुठलं तरी झाड’ अशी वागणूक मिळत नाही.

आता प्रसंग बघा. पीटर मॅकग्रेगर यांच्या बागेत शिरतो, लेट्यूस खातो, फरसबी खातो, मुळे खातो. पोट बिघडतं तेव्हा पार्सली शोधायला निघतो. पळताना एक बूट कोबीत राहतो, दुसरा बटाट्यांत. पितळी बटणांचा निळा कोट गूजबेरीच्या झुडपांवर टाकलेल्या जाळ्यात अडकतो. तो झारीत लपतो, तर तिच्यात पाणी असतं. घरी पोचल्यावर आई त्याला कॅमोमाइल या औषधी फुलांचा चहा पाजते.

भेटीला लागणारं सगळं यातच आलं. फुलदाणीऐवजी पत्र्याची छोटी झारी घ्या. तिच्यात कॅमोमाइलची फुलं किंवा त्यांच्यासारखी दिसणारी बारीक पांढरी डेझी ठेवा, मधूनमधून पार्सलीच्या काड्या खोचा. कुरळ्या पानांची पार्सली गुच्छात फार सुंदर दिसते आणि फुलांपेक्षा जास्त टिकते. झारीच्या मुठीला निळी रिबन बांधा आणि तिच्यावर पितळी रंगाची दोन बटणं शिवा. शेजारी पानांसकट लाल मुळ्यांची जुडी ठेवा. लेट्यूस हवाच असेल तर कापलेला नको, छोट्या कुंडीतला द्या. कापलेला लेट्यूस टोपलीत काही तासांत मान टाकतो.

झारीतून पाणी झिरपत नाही ना, हे आदल्या रात्री भरून ठेवून तपासा. झिरपत असेल तर आत काचेचा पेला बसवा.

आणखी एक. गोष्टीत पीटरच्या तीन गुणी बहिणी आहेत, त्यांना शेवटी दूध, पाव आणि ब्लॅकबेरी मिळतात. घरात भावंडं असतील तर एकाला झारी आणि दुसऱ्याला ब्लॅकबेरींची छोटी टोपली, अशी वाटणी करता येते. भांडण होत नाही, कारण दोन्ही भेटी एकाच गोष्टीतल्या असतात.

‘ॲलिस’ मधल्या फुलांचं काय करता येईल?

लुईस कॅरल यांची दोन्ही पुस्तकं फुलांनी भरलेली आहेत. 1865 च्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ॲलिस डेझीची माळ करावी का, या विचारात असते आणि तेवढ्यात पांढरा ससा पळत जातो. पुढे पत्त्यांतले माळी पांढऱ्या गुलाबांना लाल रंग फासत असतात, कारण लाल गुलाबाऐवजी चुकून पांढरा लावला गेला आणि राणीला कळलं तर मुंडकं उडणार.

हा रंगवण्याचा प्रसंग मुलांबरोबर करून बघण्यासारखा आहे. पांढरी कार्नेशन किंवा पांढरी शेवंती घ्या, देठ तिरकं कापा आणि खायचा लाल रंग दाट मिसळलेल्या पाण्यात उभं करा. काही तासांत पाकळ्यांच्या कडांवर रंग चढायला लागतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शिरा लाल झालेल्या दिसतात. गुलाबही रंग पितो, पण सावकाश. सगळी फुलं पूर्ण लाल करू नका. काही पांढरी, काही अर्धवट रंगलेली ठेवलीत तरच ते माळी अजून काम करताहेत असं वाटतं.

1871 च्या दुसऱ्या पुस्तकात बोलणाऱ्या फुलांची बाग आहे. तिथली टायगर लिली ठसक्यात सांगते की बहुतेक बागांतले वाफे फार मऊ असतात, म्हणून फुलं सतत झोपलेली असतात. ईस्टरच्या दृष्टीने यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कॅरल यांनी त्या जागी आधी कृष्णकमळ योजलं होतं. ख्रिस्ती परंपरेत या फुलातली तंतूंची झालर म्हणजे काट्यांचा मुकुट आणि त्यावरचे तीन फाटे म्हणजे खिळे मानले जातात, त्याचं इंग्रजी नावही ख्रिस्ताच्या यातनांवरून आलं आहे. हे लक्षात आल्यावर त्यांनी ते बदलून टायगर लिली केली. ज्या घरात ईस्टर श्रद्धेने पाळतात, तिथे कृष्णकमळाचा वेल आणि कार्डावर ही हकिगत अशी भेट देता येईल. थट्टेच्या बागेत जे फूल कॅरल यांना नको वाटलं, ते ईस्टरच्या सकाळी अगदी योग्य जागी असतं. शिवाय 1876 च्या ईस्टरला त्यांनी ॲलिसवर प्रेम करणाऱ्या मुलांसाठी एक खास शुभेच्छापत्रही लिहिलं होतं. त्यामुळे ॲलिस आणि ईस्टर यांचा संबंध ओढूनताणून जोडावा लागत नाही.

‘द सीक्रेट गार्डन’ साठी कोणती फुलं?

माझ्या मते इथे उमललेली फुलं देऊच नयेत.

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ही कादंबरी 1911 ची. तिच्या पहिल्याच प्रकरणात छोटी मेरी भारतात, एकटी, मातीच्या ढिगांत जास्वंदीची तोडलेली लाल फुलं खोचून बाग-बाग खेळते. त्या फुलांना मूळ नाही. पुढे इंग्लंडमध्ये यॉर्कशरला आल्यावर तिला दहा वर्षं बंद असलेली बाग सापडते आणि गवताखाली फिकट हिरवे कोंब दिसतात. ती त्यांच्याभोवतीचं गवत उपटते, त्यांना श्वास घेता यावा म्हणून. खोचलेल्या जास्वंदीपासून त्या कोंबांपर्यंत सगळी कादंबरी घडते.

म्हणून भेट कोंबांची द्या. पसरट कुंडीत क्रोकस, छोटे डॅफोडिल किंवा ग्रेप हायसिंथ यांचे कंद, नुकते वर डोकावलेले. वर थोडं शेवाळ आणि सुकं गवत पसरा, म्हणजे मुलाला ते हाताने बाजूला सारता येईल. एक जुनी लोखंडी किल्ली मातीत अर्धी पुरून ठेवा. गोष्टीतही किल्ली उकरलेल्या मातीतच सापडते आणि तिथवर रॉबिन पक्षी घेऊन जातो. जरा मोठं मूल असेल तर याहून साधी भेट आहे. मेरी आपल्या काकांकडे जमिनीचा एक तुकडा मागते, तसं खरंच अंगणातला किंवा गॅलरीतला एक कोपरा मुलाच्या नावे करा आणि बियांची पाकिटं द्या.

कंद ऐन वेळी मिळत नाहीत. क्रोकस, ट्यूलिप, हायसिंथ यांना फुलण्याआधी बरेच आठवडे थंडी लागते, ट्यूलिपला तर साधारण 12 ते 16 आठवडे. त्यामुळे नर्सरीतून कोंब फुटलेल्या कुंड्याच आणणं सोयीचं.

ईस्टरचा धार्मिक अर्थ सांभाळणारी एखादी गोष्ट आहे का?

ऑस्कर वाइल्ड यांची ‘द सेल्फिश जायंट’, 1888. राक्षस मुलांना बागेतून हाकलतो आणि बागेत हिवाळा मुक्काम ठोकतो. भिंतीच्या भगदाडातून मुलं परत येतात तेव्हाच झाडं बहरतात. शेवटी एक लहान मूल येतं, त्याच्या तळहातांवर आणि पावलांवर खिळ्यांच्या खुणा असतात. भेट म्हणून पीच, चेरी किंवा सफरचंदाची कळ्यांनी भरलेली फांदी उंच बरणीत द्या. कळ्या फुगलेल्या असताना फांदी कापून कोमट पाण्यात ठेवली तर घरातच उमलते. मात्र गोष्ट राक्षसाच्या मृत्यूवर संपते, पांढऱ्या फुलांनी झाकलेल्या. अगदी लहान मुलाला देण्याआधी आईवडिलांनी ती वाचून घ्यावी.

थेट ईस्टरचंच पुस्तक हवं असेल तर ड्यूबोस हेवर्ड यांचं 1939 चं ‘द कंट्री बनी अँड द लिटल गोल्ड शूज’ आहे. 21 पिल्लांची आई ईस्टरची अंडी पोचवणारी बनी होते. पिवळे डॅफोडिल आणि सोनेरी रिबन, बस्स.

अगदी छोटी, हातात मावेल अशी भेट सुचवाल का?

अँडरसन यांची थंबेलिना, अंगठ्याएवढ्या मुलीची गोष्ट, 1835. ती ट्यूलिपसारख्या फुलातून जन्मते, अक्रोडाच्या टरफलात झोपते, खाली व्हायोलेटच्या पाकळ्या आणि अंगावर गुलाबाची पाकळी. हे सगळं जसंच्या तसं करता येतं. अक्रोड अखंड दोन भागांत फुटावा म्हणून सांध्यात सुरीचं टोक घालून हलकेच पिळा. पाकळ्या त्याच सकाळी घाला, आदल्या दिवशीच्या काळवंडतात.

मोठ्या माणसाला अशी भेट बालिश वाटेल का?

प्रसंग नीट निवडलात तर मुळीच नाही. ए. ए. मिल्न यांच्या विनी द पू या अस्वलाच्या गोष्टींच्या 1928 च्या पुस्तकात पिगलेट हा छोटा डुक्कर स्वतःसाठी व्हायोलेटचा गुच्छ खुडून आणतो, भांड्यात ठेवतो, आणि त्याच्या मनात येतं की ईयोर या उदास गाढवाला आजवर कुणीच व्हायोलेट खुडून दिली नाहीत. मग तो त्याच्यासाठी खुडायला निघतो. एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याला, नुकतंच कुणी गमावलेल्या माणसाला, सणाला ज्याच्याकडे कुणी येत नाही त्याला व्हायोलेटचा छोटासा गुच्छ द्या. सोबत खेळणं नको, रंगीत अंडी नकोत. साधा पेला पुरे. या यादीतली माझी सगळ्यात आवडती भेट हीच आहे.

कोणती फुलं घरात धोकादायक ठरू शकतात?

हे उत्तर कृपया वगळू नका.

घरात मांजर असेल तर लिली देऊ नका. ईस्टर लिली, टायगर लिली आणि त्यांच्या जातीच्या सगळ्या लिली मांजरांसाठी जीवघेण्या असतात. पान, पाकळी, अंगावर पडलेला आणि चाटला गेलेला पराग, फुलदाणीतलं पाणी, कशानेही मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजराने थोडंसं जरी खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न बघता तडक पशुवैद्याकडे न्या. ज्यांच्या घरी मांजर आहे की नाही हे माहीत नाही, त्यांना लिली न पाठवणंच बरं.

डॅफोडिलचा कंद कांद्यासारखा दिसतो आणि विषारी असतो, म्हणून सुटे कंद स्वयंपाकघराजवळ ठेवू नका. हायसिंथच्या कंदाने हाताला खाज सुटते, हातमोजे घाला. लिली ऑफ द व्हॅली आणि फॉक्सग्लव्ह यांचं विष हृदयावर परिणाम करतं. पॉटर यांच्या जेमिमा बदकाच्या गोष्टीत फॉक्सग्लव्हची सुंदर चित्रं आहेत, पण लहान मुलाच्या टोपलीत ते फूल नको. जेमिमाच हवी असेल तर कोल्हा तिला सेज, थाइम, पुदिना आणि पार्सली आणायला सांगतो, तीच जुडी बांधा. तिचा वासही छान येतो.

भेटीत खरा ससा दिला तर?

नका देऊ. ससा 8 ते 12 वर्षं जगतो, त्याला जागा, गवत, सोबत आणि पशुवैद्य लागतो. ज्यांनी पाळायचं आधीच ठरवलेलं नाही, त्यांच्यावर सणाच्या निमित्ताने जिवंत प्राणी लादू नये.

फुलं द्यायच्या आधीच मान टाकतात. काय करू?

योहाना स्पायरी यांच्या कादंबरीतली छोटी हायडी डोंगरावरची फुलं ओच्यात भरून आणते, आणि आजोबांना दाखवायला ओचा सोडते तेव्हा आत गवत झालेलं असतं. खुडल्यावर फूल कोरडं राहिलं की हेच होणार. आणल्याबरोबर देठाचा दोनेक सेंटीमीटर भाग धारदार सुरीने तिरका कापा, पाण्यात बुडतील ती पानं काढा आणि फुलं काही तास थंड, अंधाऱ्या जागी भरपूर पाण्यात उभी ठेवा. टोपली त्यानंतर रचा. पिकलेल्या फळांशेजारी फुलं ठेवू नका, फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर गळतात. पाणी एक दिवसाआड बदला.

डॅफोडिल कापल्यावर चिकट रस सोडतो आणि त्या रसाने बाकीची फुलं खराब होतात. ते रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवा आणि गुच्छात घालताना देठ पुन्हा कापू नका, नाहीतर रस पुन्हा सुरू होतो. ट्यूलिप कापल्यावरही वाढत राहतात आणि उजेडाकडे वळतात. सरळ हवे असतील तर कागदात घट्ट गुंडाळून थंड पाण्यात उभे करा. लिलीचे परागकोश फूल उमलताच चिमटीने काढा. कपड्यावर पराग सांडलाच तर पाणी लावू नका, चिकटपट्टीने उचला.

फुलं खोचायला हिरवा फ्लोरल फोम वापरू नये असं मला वाटतं. तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, कुजत नाही आणि त्याचा भुगा मुलांच्या हातातोंडाला लागतो. तारेच्या जाळीचा चुरगळलेला गोळा तेच काम करतो.

ही वसंतातली फुलं आमच्याकडे मिळत नाहीत. मग?

पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात ईस्टर शरद ऋतूत येतो आणि उष्ण प्रदेशात कडक उन्हात, त्यामुळे हा प्रश्न जगभरातला आहे. विमानाने आलेल्या ट्यूलिपच्या मागे लागू नका. गोष्टीतून फुलाचं नाव उचलण्याऐवजी त्या प्रसंगात घडतं काय, ते उचला. पिगलेटच्या गुच्छाला व्हायोलेटच हवं असं नाही, स्वतः खुडलेलं हवं. कॅरल यांच्या माळ्यांना कोणतंही पांढरं फूल चालेल. मेरीच्या बागेसाठी जे कोंब तुमच्या मातीत वर येतात तेच योग्य.

परागाची ॲलर्जी असेल तर?

मार्जरी विल्यम्स यांचं 1922 चं ‘द व्हेल्व्हेटीन रॅबिट’ घ्या. टाकून दिलेल्या मखमली सशाचा खरा अश्रू जमिनीवर पडतो आणि तिथे एक फूल उगवतं, पाचूच्या रंगाची पानं आणि सोन्याच्या पेल्यासारखं फूल. ते कुठल्याही बागेत सापडत नाही, म्हणून ते कापडाचं किंवा कागदाचं करण्यात काहीच उणं नाही. हिरव्या मखमलीची पानं, सोनेरी कागदाचा पेला, आणि ते जुन्या, झिजलेल्या कापडी सशाच्या पायाशी.

घरी केलेल्या अशा टोपल्या विकता येतील का?

घरच्यांसाठी करताना कसलीच काळजी नको. विकताना मात्र सांभाळा. पॉटर 1943 मध्ये वारल्या आणि ब्रिटनमध्ये त्यांच्या मजकुराचा स्वामित्वहक्क 2013 च्या अखेरीस संपला, तरी पीटर रॅबिटचं नाव आणि चित्रं यांवर ट्रेडमार्क आहेत. पूच्या मूळ चित्रांचा ब्रिटनमधला हक्क तर अजून बरीच वर्षं चालू राहील. ॲलिस, थंबेलिना, वाइल्ड यांची जुनी पुस्तकं मोकळी आहेत, पण त्यांची नवी चित्रं आणि चित्रपटातली रूपं नाहीत. आपल्या देशातला कायदा तपासा आणि चित्रं स्वतः काढा.

पुस्तक सोबत द्यावं का? कार्डावर काय लिहू?

पुस्तक जरूर द्या, जुनी प्रत असली तरी चालेल. त्या प्रसंगाच्या पानावर रिबन घालून ठेवा. ओली टोपली आणि पुस्तक एकत्र ठेवू नका, पुस्तक कागदात गुंडाळून बाजूला द्या. कार्डावर लांबलचक शुभेच्छांपेक्षा तीन गोष्टी लिहा: फुलाचं नाव, ते गोष्टीत कुठे येतं, आणि त्याला पाणी कधी घालायचं.

ईस्टर झाल्यावर कुंडीतल्या कंदांचं काय करायचं?

फुलं सुकली की दांडे कापा, पण पानं पिवळी होईपर्यंत राहू द्या. पुढच्या वर्षीचं अन्न कंद त्याच पानांतून साठवतो. नंतर कंद उपटून कोरड्या, हवेशीर जागी कागदी पिशवीत ठेवा आणि पिशवीवर फुलाचं आणि गोष्टीचं नाव लिहा. थंडी पडणाऱ्या भागात ते पानगळीच्या दिवसांत बाहेर जमिनीत लावा. घरात जबरदस्तीने फुलवलेला हायसिंथ दुसऱ्या वर्षी कुंडीत तसा भरगच्च येत नाही, जमिनीत मात्र सावकाश सावरतो.